दुसरा गोलकीपर

इनायत मोमीन चौदा वर्षं गोलमध्ये उभा राहिला
आणि चौदा वर्षं मी बाकावर,
मांडीवर त्याचा टॉवेल.
तेव्हा त्याच्याबद्दल मी बोललो तर चालेल.
पेपरवाल्यांनी त्याला फक्त समोरून पाहिलं.

कामठीला त्याच्या बापाचा हातमाग होता.
धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
आणि मागाच्या खड्ड्याशी बसलेलं पोरगं
दिवसभर मान हलवायचं.
पुढे कोच लोक म्हणत, याची नजर बघा, नजर.
नजर कुठली,
ती नऊवारी होती, अर्धी विणलेली.

झेप घ्यायला तो कन्हानच्या वाळूत शिकला.
वाळू माफ करते.
मोतीबागचं रेल्वे ग्राउंड करत नाही.
मे महिना, पारा शेहेचाळीसवर, मुरूम असा तापलेला
की पडलं तर कातडं तिथेच ठेवून उठायचं.
आम्ही दोघंही पडायचो.
वर्कशॉपातल्या वेल्डरचे हातमोजे, एकच जोड,
डावा त्याला, उजवा मला,
दुसऱ्या दिवशी उलट.
निवड झाली तेव्हा दोन्ही त्याला गेले.
वाईट वाटलं का? वाटलं नं.
आठवडाभर मी तोंडात खर्रा धरून
बोलायचं टाळलं.

मग क्वालालंपूर. रंगून.
बगदादला नाकाचं हाड मोडलं त्याचं;
मी अर्धा उठलो,
त्यानं हातानंच सांगितलं, बस.
ढाक्याला करंगळी तिरपी झाली, ती कायमची.
देशासाठी मी एकूण अकरा मिनिटं खेळलो.
तेवढ्या वेळात चेंडू माझ्याकडे आलाच नाही.

आणि जकार्ता.
शेवटची पेनल्टी, अख्खी कामठी रेडिओला चिकटलेली.
तो डावीकडे झेपावला, चेंडू बाहेर आला,
इकडे पहाटेपर्यंत फटाके.
पोवाडा तेवढा रचायचा राहिला.
रेल्वेनं बढती दिली,
नगरपालिकेनं चौकाला नाव द्यायचा ठराव केला
आणि नेहमीप्रमाणे विसरली.

हावड्याहून परतताना, रात्री,
डोंगरगडच्या पुढे कुठेतरी
वरच्या बर्थवरून आवाज आला,
"सोनटक्के, झोपलास?"
"नाही."
"हात नव्हता लागला."
"कोणाचा?"
"माझा. दांडीला लागून गेला तो.
मी खाली वारा अडवला."

मला माहीत होतं.
हातमोज्याला लागलं की धप्प होतं.
ते ठण्ण झालं होतं.
स्टेडियम ओरडत होतं म्हणून कोणी ऐकलं नाही,
पण बाकावरच्या माणसाला
ऐकण्याखेरीज काम काय?
मी म्हणालो, "झोप. गोंदिया यायचंय अजून."

धनवटे सभागृहात सत्कार झाला त्याचा.
शाल, नारळ, दोन आमदार.
माइक हातात घेऊन तो थांबला,
म्हणाला, "एक गोष्ट सांगायची आहे, त्या पेनल्टीची,"
आणि त्याचा चेहरा मी ओळखला.
तिसऱ्या रांगेतून मी जोरात टाळ्या वाजवल्या.
मग सगळा हॉल वाजवायला लागला.
तो बराच वेळ उभा होता,
तिरप्या करंगळीनं शाल सावरत.
मग बसला.
त्या रात्री तो माझ्याशी बोलला नाही,
त्यानंतरही सहा महिने.

आता गुडघे गेले आहेत दोघांचेही.
संध्याकाळी माझ्या लुनावर मागे बसून तो मोतीबागला येतो,
पोरांना शिकवतो: हात आधी नाही, पाय आधी.
पोरं विचारतात, जकार्ता सांगा नं, काका.
तो म्हणतो, सोनटक्केला विचारा, त्यानं पाहिलं.
मी म्हणतो, ऊन डोळ्यात होतं बाप्पा.

निघताना तो गोलकडे जातो,
डाव्या दांडीवर बोटानं दोनदा ठोकतो,
एखाद्याच्या दारावर ठोकावं तसं.
पोरांना वाटतं, ही पद्धत आहे.
तीही ओळीनं येऊन ठोकतात
आणि लोखंड बराच वेळ गुणगुणत राहतं.
मी लुनाला पायडल मारतो.
ती सुरू व्हायला वेळ घेते.